येरमाळ्याचे सहा खडे

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला कधी सवडच झाली नाही. तीस वर्षं मी एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी कळंबहून. चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरली की जादा गाड्या सुटायच्या आणि माझी सुट्टी हमखास रद्द व्हायची. माणसं खच्चून भरायची, देवीच्या डोंगराखाली उतरवायची, गाडी वळवायची आणि पुन्हा कळंब. यात्रेत पालखी निघते तेव्हा लोक चुन्याच्या रानात चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात, एवढं मी ऐकून होतो. परतीच्या माणसांचे हात पांढरे झालेले असायचे. ते हात शिटांना पुसायचे म्हणून मी त्यांच्यावर खेकसायचो. खड्यांचं पुढं काय करतात हे काही कुणाला विचारलं नाही. किती माणसं तिच्या दारात पोचवली त्याची गणती नाही, पण मी स्वतः स्टेअरिंग सोडून एकदाही खाली उतरलो नाही.

रिटायर झालो तेव्हा साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले चाला, तर गुडघे ऐकेनात. मग जुनी सायकल झाडून पुसून काढली. तिच्यावर बसल्यावर कळलं की ज्या तालुक्यात जन्म घालवला तो मी पाहिलाच नव्हता. गाडी मोठ्या रस्त्यानं जायची, आणि मोठ्या रस्त्यावरून दिसतात ती फक्त गावांची नावं आणि हॉटेलं. आतले रस्ते वेगळे. एका बाजूनं डांबर खाल्लेलं, मधेच माळ. आमच्याकडं दगड काळा, पण माळावर पाऊल टाकाल तिथं जमिनीतून चुनखडीचे पांढरे खडे वर आलेले. उन्हात डोळे दिपतात. तासातासात एखादी मोटारसायकल, बाकी टिटवी आणि आपल्याच चेनीचा आवाज. साखर कारखान्याचा हंगाम संपला, उसाचे ट्रॅक्टर थांबले की मी ढोकीकडं जायचो, एरवी येरमाळ्याच्या चढाकडं. बायको, कुसुम, हसायची. म्हणायची, एवढी वर्षं गाडी फिरवली तरी फिरायची हौस फिटली न्हाय व्हय तुमची.

एका पौषात सकाळी तिच्या हातातून चहाची कपबशी पडली आणि पाठोपाठ ती पडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून जीव वाचवून आणला, पण घरी आलेली कुसुम निराळीच होती. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. रबरी चेंडू उजव्या हातात देऊन दाबा म्हणायच्या. कुसुम डाव्या हातानं तो ढकलून द्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. त्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांनी मनावर घेतलं तर हात येईल, आणि जे काही यायचं ते याच महिन्यांत. पण मनावर घेणारी माझी कुसुम कुठं होती? दोन घासांवर जेवण आलं होतं. ती जगायचं सोडून बसली होती आणि मी बाजूला बसून ते बघत होतो. येरमाळ्याची यात्रा तिनं कधी चुकवली नव्हती. मला देवीचा राग आला. मोठ्यानं बोललोसुद्धा, की दर चैत्रात जिच्या हातानं खडे वेचून घेतलेस तिचाच हात काढून घेतलास. हातच का घ्यायचा होता?

पालखीच्या आदल्या दिवशी कुसुम डाव्या हाताची पाच बोटं दाखवायला लागली. मी पाच वाजले का ते सांगितलं, पाच गोळ्या नसतात, तीनच असतात म्हणालो, पाच केळी आणून दिली. ती चिडून डोळे मिटायची आणि पुन्हा पाच बोटं. शेवटी शेजारच्या नजमाभाभी डबा घेऊन आल्या. त्यांनी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अवो भाईसाब, येरमाळ्याचे खडे. दर साल जाते की ती." कुसुमनं मान हलवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं काहीतरी मागितलं होतं. मी जातो म्हणालो. यात्रेला मोठा रस्ता तुंबलेला असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत, म्हणून सायकलनं आणि आतल्या रस्त्यानं. भाभी कुसुमजवळ थांबायला तयार झाल्या.

तांबडं फुटताना निघालो. अर्धा रस्ता झाला, चढ लागला, आणि मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान होतं, पण सोल्युशनची ट्यूब वाळून खडखडीत झालेली. तीस वर्षं स्टेपनी तपासल्याशिवाय गाडी न काढणारा मी, त्या दिवशी हे बघायचं विसरलो होतो. त्या रस्त्यानं यात्रेला जाणारं कुणी नव्हतं. एका लिंबाखाली सायकल टेकवली आणि मला रडू फुटलं. वय साठ आणि रडतोय पंक्चरसाठी. तुझ्याचकडं निघालोय आणि काटापण तूच टाकून ठेवलास, असं काहीतरी म्हणालो असेन.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, कोण हाय वो तिकडं? पन्नाशीची एक बाई, डोक्याला फडकं, हातात खुरपं. मी डोळे पुसले आणि सायकल दाखवली. ती वस्तीवर गेली आणि पाण्याचं घमेलं, पंप, नट खोलायचे दोन पाने आणि पंक्चरच्या सामानाची एक डबी घेऊन आली. मी म्हणालो, मालक असतील तर बोलवा. तर ती हसली. तिच्या दोन्ही पोरींना शाळेत जायला सायकली मिळाल्या होत्या, रस्ता सगळा काट्यांचा, पंक्चरवाला पार येरमाळ्यात. मग पंक्चर काढायला तीच शिकली. पोरी नांदायला गेल्या, डबी राहिली. तिनं ट्यूब काढली, पाण्यात धरली, बुडबुडा दिसला तिथं बोट ठेवलं. घासायला कानस नव्हती. बांधावरचा चुनखडीचा एक खडा उचलला, त्यानंच ट्यूब घासली आणि ठिगळ लावलं. माझ्यापेक्षा हात साफ होता.

मी विचारलं, तुम्ही नाही गेलात यात्रेला? इतक्या जवळ राहून? म्हणाली, म्हैस व्यायला झालीय, तिला सोडून कशी जाऊ. मग चाकात हवा भरता भरता म्हणाली, "माझ्या नावानं बी येक खडा येचा. चुकला न्हाय आजपतुर कंदी." मी शब्द दिला.

चुन्याच्या रानात पोचलो तोवर पालखी पुढं गेली होती. उदो उदोचा आवाज लांबून येत होता. धूळ, ऊन, मागं राहिलेली माणसं. मी वाकलो आणि पाच खडे कुसुमचे वेचले, सहावा त्या बाईचा. रानात खड्यांचा मोठा ढीग होता आणि माणसं त्याच्या भोवती होती. माझा जन्म रस्त्याकडेचे खडीचे ढीग बघण्यात गेलेला. मला वाटलं, काहीतरी बांधकाम काढलं असेल. सहा खडे रुमालात बांधले आणि खूश होऊन घरचा रस्ता धरला.

घरी आलो, कुसुमची उजवी मूठ उघडली आणि खडे तिच्या तळहातावर ठेवले. म्हणालो, घे, तुझे पाच आणि एका बाईचा एक. मला वाटलं ती हसेल. तिनं खड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. नजमाभाभी म्हणाल्या, या अल्ला, हे घरी घेऊन आलाव? त्यांचं माहेर येरमाळ्याचं, लहानपणापासून त्यांनी बघितलेलं. खडे वेचायचे ते त्या ढिगावर टाकायला. त्याचाच चुना देवीच्या देवळाला लागतो म्हणतात. घरी न्यायचे नसतात. आणि माझ्या डोळ्यांदेखत कुसुमचा उजवा हात, तो मेलेला हात, मनगटातून उचलला गेला आणि खडे माझ्या अंगावर फेकायला निघाला. फेकता आले नाहीत. गादीवर सांडले. पण हात हलला होता. तोंड वाकडं करत, सगळा जीव एकवटून ती म्हणाली,

"न्या... परत."

तीन महिन्यांनी ऐकलेले तिचे पहिले दोन शब्द, आणि तेही शिवी दिल्यासारखे. मी गादीजवळ बसून हसत होतो की रडत होतो, मला ठाऊक नाही. भाभी पदरानं डोळे टिपत होत्या. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं, याच सुमाराला हालचाल सुरू होते. ते म्हणतात तसंच असेल. मी वाद घातला नाही, आजही घालत नाही.

दुसऱ्या दिवशी खडे परत न्यायला निघालो तर कुसुमनं खड्यांची वाटी धरून ठेवली. स्वतःकडं बोट दाखवलं. ती स्वतः नेणार होती, स्वतःच्या उजव्या हातानं. रबरी चेंडू गेला कोपऱ्यात. दोन वाट्या मांडल्या, एकीतला खडा उचलून दुसरीत टाकायचा. पहिला आठवडा एकही उचलला गेला नाही. मग एक. पडला की माझ्यावर चिडायची, जणू मीच पाडला. उन्हाळा आणि पुढचा चातुर्मास सगळा त्या सहा खड्यांच्या टकटकीत गेला. मी स्वयंपाक करायचो आणि बाहेर टक् वाजलं की पोळी करपली तरी चालायचं.

कार्तिकात निघालो. भाभींचे मालक रशीदभाई यांची रिक्षा, तिच्यात कुसुम आणि भाभी, पुढं मी सायकलवर. कारखाना सुरू झालेला, मोठ्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, म्हणून आतलाच रस्ता. माळावर ज्वारी हातभर आली होती. रशीदभाई मागून हॉर्न वाजवून म्हणायचे, ड्रायव्हरसाहेब, जरा दाबा की. लिंबाजवळ थांबलो. ती बाई वस्तीवर होती, नाव शांताबाई, दावणीला म्हैस आणि तिची वगार. मी मान खाली घालून सगळी चूक सांगितली. तिचा न चुकलेला खडा मी चुकवला होता. मग कुसुमनं वाटीतून एक खडा उजव्या हातानं उचलून तिच्यापुढं धरला. खडा पडला नाही. शांताबाईनं तो कपाळाला लावला, वगारीला वैरण टाकली आणि रिक्षात येऊन बसली.

चुन्याच्या रानात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. ढीग खचून गवतात बुडालेला. कुसुम माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि एकेक खडा टाकला. चार ढिगावर पडले. पाचवा अलीकडंच निसटला, तो मी उचलून देऊ लागलो तर हात झटकला आणि स्वतः वाकून घेतला. शांताबाईनं आपला टाकला. मी मनात म्हणत होतो की आई, इतकी वर्षं मी समजत होतो गाडी मी चालवतो. काटा चाकाखाली तू घातलास म्हणून ती बाई भेटली, आणि मला अक्कल दिली नाहीस म्हणून हिचा हात हलला. आता तू नेशील तसा येतो. एवढंच म्हणालो, याहून मोठी प्रार्थना मला येत नाही.

झालं म्हणून मी रिक्षाकडं वळलो. कुसुम हलेना. ती जमिनीवर काहीतरी शोधत होती. सावकाश वाकली, गवतातून एक खडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. तेव्हा ध्यानात आलं, सहा खडे वेचले होते, त्यात माझा एकही नव्हता.

"तुमचा," ती म्हणाली. "टाका."

मी चप्पल काढली आणि टाकला.