तीस किलोंत एक पुस्तक

माझा नवरा तौकीर इथे सौदीत, राबिघच्या रिफायनरीत स्टोअर सांभाळतो. तिथला एकेक बोल्ट जागच्या जागी. घरात मात्र सोफ्याखाली पुस्तकं, पलंगाखाली पुस्तकं, आणि तीही कुणी नाव न ऐकलेल्या प्रकाशकांची. देवरुख, खेड, राजापूर, कुठल्याशा गल्लीत चार दिवस चालून बंद पडलेले. कोकणातले रद्दीवाले याला आता व्हॉट्सअ‍ॅपवर ईद मुबारक पाठवतात.

गावाहून कुणी यायचं ठरलं की विमानात चालणाऱ्या त्याच्या तीस किलो सामानात सगळ्या नातेवाइकांचा वाटा असतो. लोक मसाला मागवतात, आंबापोळी मागवतात. आमच्या वाट्याला पुस्तकं. मसाला इथल्या दुकानातला खा, म्हणतो तौकीर. मी अगदी विटले होते.

या खेपेला मात्र मी तोंड बंद ठेवलं. माझे सासरे राजापूरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मालकाने एकाच पुस्तकात, पहिल्या पानाच्या मागे, त्यांचं नाव छापलं होतं. तौकीर शाळेतही जात नव्हता तेव्हा ते गेले. ते पुस्तक तो आमच्या लग्नाआधीपासून शोधत होता. शेवटी चिपळूणला रद्दीत मिळालं, आणि माझ्या नणंदेचे, फरहानाचे, यजमान हुसेनमियाँ ते घेऊन आले.

पुठ्ठा नाही, पुढची पानं नाहीत. एकदम गोष्टच सुरू.

"पयलं पान कुठं हाय?" तौकीरने विचारलं.

"वजन वाढत हुतं," हुसेनमियाँ चहा ढवळत म्हणाले. "फरहाना म्हणाली, वाचायचं मधलंच असतंय. तिनं पुढचं काढलं."

तौकीरने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मी फरहानाला फोन लावून चांगलंच फैलावर घेतलं. ती माझ्यावरच उखडली.

"भाबी, पुठ्ठा तेवढा टाकला. कागद जाड हुता, मी कशाला टाकीन? तुझे सोडे बांधलेत त्यात."

सुक्या कोळंबीची ती पुडी मी आल्या आल्या फ्रीजरमध्ये कोंबली होती. काढली, सोडली. डागाळलेल्या पानाच्या मागे बारीक अक्षरांत होतं: जुळणी, दाऊद कासम मुकादम. तौकीरने त्यावर बोट ठेवलं आणि पाहुण्यांसमोर लहान मुलासारखा रडला.

पान मी ओढणीखाली घालून इस्त्री केलं. सुरकुत्या गेल्या, वास काही जाईना. दुसऱ्या दिवशी बघते तर तौकीरने ते पान आत घालून पुस्तक माझ्या कपाटात ठेवलेलं, ईदच्या नव्या कपड्यांवर. सगळ्या कपड्यांना सोड्यांचा वास.

 ईदला तेच घालून जाणार आहे.