पत्र्यातलं ऊन

आमच्या गोदामाच्या छतात मधूनमधून पारदर्शक पत्रे आहेत. दुपारी त्यातल्या एकातून उन्हाचा चौकोन माझ्या पॅकिंगच्या टेबलाजवळ उतरतो. "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. पावडरीची पाकिटं संपली की रोज दुपारी उन्हात बसा," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला तोच चौकोन आठवला आणि हायसं वाटलं.

कारण बाहेर पडायची सोयच नव्हती. सकाळी आत शिरायचं ते दिवेलागणीला सुटायचं. जेवायची सुट्टी अर्धा तास, आणि गेटवरच्या झडतीची रांगच तेवढा वेळ खायची. कामतघरच्या आमच्या बोळात तर ऊन वरच्या मजल्याला शिवून परत जातं.

मी अजून चाळिशीचीही नाही, पण जमिनीवर बसलं की मांड्या उठू देईनात. सासूबाई हाताला धरून ओढायच्या. अंबाडीकडच्या गावात जन्मभर भातशेती केलेली बाई, पंचाहत्तरीतही ताठ. "भात कापताना आमी ऊन नको नको म्हनायचो, आन तुला ऊन कमी पडला?" म्हणून हसायच्या. मला लाज वाटायची, आणि रागही यायचा.

म्हणून चार महिने नेमाने बसले. बाह्या वर सारून, डबा मांडीवर घेऊन. चौकोन सरकेल तशी मीही सरकायची. बरोबरच्या पोरी चिडवायच्या, "ताई, पापड वाळवताय का?"

रिपोर्ट पुन्हा तितकाच वाईट आला. "रोज बसते मी उन्हात," मी भांडणाच्या सुरात म्हटलं. कुठे बसता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पत्र्याखालच्या चौकोनाचं सांगितलं.

"अहो, पत्र्यातून नुसता उजेड येतो. अंगाला हवे असतात ते किरण पत्राच अडवतो. हे असंच राहिलं तर उठबशीचं, उचलाउचलीचं काम सोडावं लागेल."

काम सोडून कसं चालणार होतं? दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडे रोजची दहा मिनिटं मागितली.

"बाहर? धूप खाने?" तो मनापासून हसला. "ड्युटी में गेट पास नहीं मिलता, मॅडम."

सवयीने डबा घेऊन मी त्याच चौकोनात जाऊन बसले. जेवले. भोंगा झाला, पोरी उठून कामाला लागल्या. मी रोजच्यासारखा टेबलाचा पाय धरला, जोर लावला, आणि तशीच खाली बसून राहिले. ओढायला इथे सासूबाई नव्हत्या.