बांधावरचं गवत

लेकरांना विणायला शिकवायचं म्हणून त्या सकाळी मी गवत शोधायला निघाले. माझ्या अंगणवाडीत तेव्हा सोळा लेकरं होती, तीन ते सहा वर्षांची. कडुलिंबाच्या बेचक्या आदल्या दिवशीच कापून त्यांना सुतळीचे वेढे देऊन ठेवले होते. त्या सुतळीतून गवताची पाती एकदा वरून, एकदा खालून न्यायची, एवढंच काम.

नाल्याकाठी लांब गवत होतं, पण पाय ठेवायची सोय नव्हती. गुटख्याच्या पुड्या, कोंबड्यांची पिसं, फेकलेले डायपर, आणि सगळ्यावर माशा. नाकाला पदर लावून मी मागे फिरले. अंगणवाडीच्या मागेच एका काकांचं कपाशीचं वावर होतं. बांधावर गुडघाभर, हिरवंगार गवत. कापताना उग्र वास आला. खताचा असेल, असं मी मनाला समजावलं आणि कापत राहिले. आजही ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

लेकरं रमली. एक चार वर्षांचा पोरगा फार मन लावून विणत होता. त्याची आई गोधडी शिवताना दोरा दातांत धरायची, तसंच तो गवताचं पातं दातांत धरून ठेवायचा. मी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा लक्ष गेलं तेव्हा तो ओकत होता. ओठ लाल झाले होते, तोंडाला तोच सकाळचा वास.

त्याची चूळ भरून घेतली, आईला बोलावलं आणि मिळालेल्या ऑटोनं त्यांना धामणगाव बढ्याला दवाखान्यात पाठवलं. बाकीच्यांचे हात धूत होते, तेवढ्यात ते काका नातीला न्यायला आले.

"काका, बांधावर काही मारलं होतं का?"

"हाव, तणनाशक. परवाच."

"मग काऊन नाही सांगतलं? लेकरू ओकून राह्यलं न!"

"तुमी इचारलं कुठं? काही नाही होत त्याच्यानं, बाई. एखाद्या पात्यानं काय होते!"

आणि हसले. मग नातीला नळाखाली नेलं, साबण मागून घेतला आणि तिचे हात कोपरापर्यंत घासघासून धुतले. एकदा नाही, दोनदा. नखं पाहिली. तिला तोंड उघडायला लावून जीभ पाहिली. मी शेजारी उभी होते, बाकीची लेकरं ओल्या हातांनी रांगेत उभी होती. त्यांच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

पोरगा संध्याकाळपर्यंत सावरला. ओठ सोलले होते, ते आठवडाभर दुखले. त्याच्या आईनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. विणलेलं सगळं मी खड्डा करून पुरलं.

पुढच्या आठवड्यात घरच्या मक्याच्या कणसांची वाळली सालं भिजवून नेली. विणकाम पुन्हा सुरू झालं, तो पोरगाही बसला. तेव्हा काकांची नात एक पेंढी घेऊन आली.

"आजोबांनी देल्लं. तिकडल्या बांधाचं हाय, त्याच्यावर औषध नाही."

मी ती पेंढी तिच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोरच बाहेर उकिरड्यावर फेकली. पोरीचा चेहरा पडला. तिची काहीच चूक नव्हती, हे मला कळत होतं. तरी त्या दिवशी तिला जवळ घेणं मला जमलं नाही.