गोल म्हणजे कुटार

अकोल्यात माझं प्रबंधांचं दुकान आहे. टायपिंग, ग्राफ, बाइंडिंग. रोज सकाळी मी कामांची यादी करते आणि प्रत्येक कामापुढे लागणारा वेळ लिहिते. त्या दिवशी तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "ग्राफमधल्या खुणा मोठ्या करणे, दहा मिनिटं." हे लिहिणाऱ्या बाईची मला आजही कीव येते.

काम वलगावच्या एका विद्यार्थिनीचं. तिशीतली, शेती शिकणारी. दोन हंगाम तिने काळ्या मातीतली ओल मोजली होती. अर्ध्या वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरलेलं, अर्धे वाफे उघडे. गोल म्हणजे कुटाराचा वाफा, त्रिकोण म्हणजे उघडा, असं प्रत्येक ग्राफच्या कोपऱ्यातली चौकट सांगत होती. आणि बाराही ग्राफांत त्रिकोण वर, गोल खाली. म्हणजे कुटार पसरा आणि माती सुकवा. शास्त्राची प्रगती अशीच होत असते.

"ताई, मी सोता हात घालून पाहे," ती म्हणाली. "कुटाराखालची माती बोटाले चिकटे. उघड्या वाफ्यात तं भेगा पडल्या होत्या."

"मग सरांना सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. सर म्हणे, तुह्या बोटापेक्षा ग्राफ मोठा. निष्कर्ष बदलून आण."

तिने आणला होता बदलून. आच्छादनामुळे जमिनीतील ओल घटते. परवा अमरावतीला सरांची सही होणार, मग प्रबंध जमा, आणि हे वाक्य तिच्या नावावर कायमचं छापलेलं.

मी खुणा मोठ्या केल्या. चौकटीतल्या काही होईनात. ताणल्या तर धूसर झाल्या. चौकट नव्हतीच ती, चौकटीचा फोटो होता! कुण्या सिनियरने आपल्या प्रबंधातून कापून चिकटवलेला. सिनियरची फाईल ज्युनियरने घ्यायची, आकडे बदलायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही, हा रिवाज. सॉफ्टवेअर बिचारं रकान्यांच्या क्रमाने खुणा वाटतं, पहिल्याला गोल, दुसऱ्याला त्रिकोण. सिनियरचा पहिला रकाना कुटाराचा होता. हिचा उघड्या वाफ्याचा. फोटोला हे कोण सांगणार?

फोटो उडवला, सॉफ्टवेअरची स्वतःची चौकट लावली, प्रत्येक खूण रकान्याच्या नावाशी बांधली. बारा वेळा. दहा मिनिटांचे तीन तास झाले. मग सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, ग्राफमधल्या खुणा उलट्या होत्या."

"मॅडम, तुम्हाला खुणा मोठ्या करायला दिल्या होत्या. संशोधन करायला नाही."

"मोठ्याच करत होते. चौकट म्हणजे फोटो निघाला."

"ती फाईल चांगली आहे. मीच देतो सगळ्यांना. आजवर सगळे पास झाले त्यावर."

"त्यांनी कुटाराचा रकाना पहिला ठेवला असेल. हिने दुसरा ठेवला."

"काहून?" सरांनी विचारलं.

"पयले साधं, मंग कुटार," ती फोनकडे वाकून म्हणाली. "माणूस असंच लिहिते ना, सर."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "बरं, जुना निष्कर्ष टाका परत. मी तर तेव्हाच म्हणत होतो, एकदा तपासून घे."

एवढी दूरदृष्टी असलेला माणूस मार्गदर्शक म्हणून मिळणं भाग्याचंच. फोन ठेवल्यावर कळलं, जुना निष्कर्ष तिने पुसून टाकला होता. प्रतही ठेवली नव्हती. मी कपाळाला हात लावला.

"तुमी टाईप करा," ती म्हणाली, आणि डोळे मिटून अख्खा परिच्छेद सांगत गेली. न अडखळता, स्वल्पविरामांसकट. मी तिच्यामागे धावत होते, शेवटच्या वाक्यात तिच्यापुढे गेले आणि "ओल वाढते" असं लिहून मोकळी झाले.

तिने डोळे उघडले.

"नाही ताई, टिकते लिहा. कुटार पाणी आणत नाही कुठून. आहे ते जाऊ देत नाही."