नारिंगी ताऱ्याची नऊ वर्षं

काका पेशाने शिंपी. कापडाला दोऱ्याची छटा जुळवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं ते स्वतःच सांगत. गच्चीवर त्यांची दुर्बीण होती आणि तिच्यातून बावीस वर्षं ते एकच तारा बघत आले: लहान, थंड, नारिंगी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. शेजारच्या दोन पांढऱ्या ताऱ्यांशी तुलना करून त्याच्या तेजाचा आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. काकू म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंत का?"

नऊ वर्षांपूर्वी काकांना तो तारा उजळताना दिसू लागला. आमच्या निरीक्षक मंडळातल्या एका शिक्षिकाबाईंचे आकडे मात्र जागचे हलत नव्हते. वर्षभराने काका भर बैठकीत म्हणाले, "बाई, आधी डोळे तपासून घ्या." सगळे हसले. मी पुतणी, मीही हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर बाईंची वही कोणी उघडलीच नाही.

यंदा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा बरा झाल्यावर त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर तारा नऊ वर्षांपूर्वी होता तेवढाच मंद. त्यांच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं होतं, त्यामुळे पांढरे तारे फिके दिसत होते आणि नारिंगी तेवढा उठून. दुकानातही पांढऱ्या शर्टांना पिवळट दोरा निघाला. गिऱ्हाइकं भिडेखातर गप्प होती. काका दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला घेऊन ते बाईंच्या घरी गेले. "चूक माझी होती, बाई. चारचौघांत तुम्हाला नको ते बोललो. तोंड दाखवायची सोय ठेवली नाही मी. पण तुमचे आकडे खरे आहेत. तुमची वही द्या, म्हणजे ताऱ्याची नऊ वर्षं तरी वाचतील."

बाईंनी वही आणली, पण छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"पहिलंच वर्ष खरं आहे," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुम्ही बोललात आणि माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. पुढचं सगळं मी मंडळाच्या फळ्यावरचे तुमचे आकडे बघून लिहिलंय."