शालिग्राम दाजींच्या ट्रॅक्टरचं शिंग

शालिग्राम दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मथुराताईचे यजमान. वय चौसष्ट. बुऱ्हाणपूरकडच्या चांदनी स्टेशनाच्या अलीकडे गाव, सहा एकर केळी, आणि मत प्रत्येक विषयावर. मी त्यांचा साला, पंकज. बुऱ्हाणपुरात राजघाटाजवळ राहतो आणि एका ऑफिसात कारकुनी करतो. साल्यानं दाजींची टिंगल करायची हा आमच्याकडे रिवाजच आहे, तेव्हा पुढे जे सांगतो त्यात माझा काही गुन्हा नाही. थोडा आहे, तो ओघात येईलच.

दाजींकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा फळबागेच्या लिलावात घेतलेला. झाडांच्या ओळींमधून फिरायला बनवलेला, म्हणून अंगानं बुटका. दाजी त्यावर बसले की लांबून माणूस खुर्चीसकट चाललाय असं वाटतं. सायलेन्सर पोटाखाली, आडवा. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. एखादा भाग मोडला तर दाजी तो भंगारात शोधतात, आणि नाही सापडला तर त्याच्यावाचून चालवतात. ट्रॅक्टर गरीब, तोही चालवून घेतो.

आता पोळ्याचं सांगतो, कारण सगळं त्यापायी झालं. पोळ्याला गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्यामागे बैलांची रांग लागते. पहिली जोडी मानकरी गजानन पाटलांची. ती तोरणाखालून गेली की पोळा फुटला. दुसरी जागा दाजींच्या घराची, त्यांच्या आजोबांपासून. दोन वर्षांपूर्वी दाजींचा एक बैल मेला. दुसरा एकटा वैरणीला तोंड लावीना, म्हणून तो विकला. त्यानंतर दाजीही दोन दिवस जेवले नाहीत, आणि हे मी चेष्टेत सांगत नाही.

बैल गेले तशी जागा गेली. पंचांनी नियम केला: बैल पुढे, ट्रॅक्टर मागे. गेल्या पोळ्याला बैलजोड्या होत्या तीन आणि ट्रॅक्टर एकवीस, त्यात दाजी एकविसावे. पाटलांची मानाची जोडी तर भाड्यानं आणलेली होती, चार दिवसांसाठी. परंपरा जपायची म्हटलं की माणसाला काय काय करावं लागतं!

दाजी पंचांपुढे उभे राहिले. म्हणाले, "चाळीस वर्सं माह्या वावरात ह्यानं बी काम केलं. पोया कष्टाचा ऱ्हायते का शिंगाचा?"

प्रश्न बिनतोड होता. गजानन पाटील एवढंच म्हणाले, "शालिग्राम, तुह्या खेळण्याले ना शिंग, ना उंची. रांगेत दिसत बी नाही." सगळे हसले. मीही हसलो.

यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी दाजी ट्रॅक्टर घेऊन थेट माझ्या दारात. "पंकज, मले उभा सायलेन्सर पाहिजे. बोनेटातून सिधा वर."

त्यांच्या मुलानं, नीलेशनं घरी बरीच डोकेफोड केली होती. "बाबा, केळीची पानं जळतीन ना. फिर क्या करोगे?" पण शहाण्या मुलाचं ऐकलं तर बाप कसला! पोळा झाला की पाइप काढून टाकू, असं सांगून दाजी निघाले होते.

मी त्यांना रमेश वेल्डरकडे नेलं. रमेशचं दुकान पावरलूमच्या शेडला चिकटून. तीस वर्षं त्या खटाखटीशेजारी काढल्यामुळे त्याला आता कानाशी तोंड नेलं तरच ऐकू येतं. हात मात्र सोन्याचा. त्यानं इंजिनापासून बाक देऊन साडेचार फुटी पाइप उभा केला, चार बोल्टांनी आवळला, वर पावसासाठी झाकण बसवलं. आत आवाज अडवणारं काही टाकणार का, असं मी त्याच्या कानात ओरडून विचारलं. "अंदर जाळीफिळी टाकली तर धूर अडकते," तो म्हणाला.

मग ट्रॅक्टर चालू केला. समोरच्या रिक्षावाल्यानं दचकून आधी स्वतःचं इंजिन पाहिलं. लूमवरची माणसं बाहेर आली. रमेशनं पाइपवर तळहात टेकवून अंदाज घेतला आणि खुशीत म्हणाला, "एकदम शांत!" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं की हे बरं नाही, आत काहीतरी बसवून घ्या. पण हे धूड पोळ्याच्या रांगेत काय गंमत उडवेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हटलं, "झकास, दाजी." तो माझा गुन्हा.

पोळ्याच्या दिवशी ताईनं तो पाइप बैलाच्या शिंगासारखा लालभडक रंगवला, त्याला गोंडे बांधले, बोनेटवर झूल घातली. दाजी नवं धोतर नेसून निघाले आणि सरळ दुसऱ्या जागेवर जाऊन उभे राहिले. पंच धावले. गजानन पाटील म्हणाले, "मागं घे." दाजींनी उत्तरादाखल एक्सिलरेटर दाबला.

पाइपातून तोफ सुटावी तसा बार झाला. पाटलांच्या भाड्याच्या बैलांना ना गाव ओळखीचं, ना मालक. त्यांनी दावं हिसडलं आणि झुलीसकट आपल्या गावाची वाट धरली. उरलेल्या दोन जोड्याही उधळून गल्लीत शिरल्या. वेशीपुढे बैल म्हणून एक उरला नाही. तोरण तसंच लटकलेलं, दिवस मावळतीला आलेला, आणि मानकऱ्याच्या हातात नुसतं दावं.

म्हातारी मनकर्णाबाई ओट्यावरून ओरडली, "आता ह्योच बैल म्हना रे!" सगळं गाव हसलं, पण या वेळचं हसणं मायेचं होतं. पाटलांनी दाव्याकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. माणूस दिलदार निघाला. मोठ्यानं म्हणाले, "चाल शालिग्राम, आज पह्यला मान तुहा. जा तोरनाखालून!" आणि हात हलवला.

मी पाटलांजवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. दाजी होते त्या पाइपापासून हातभर अंतरावर. त्यांना दिसलं ते एवढंच: बैल पळाले, गाव हसतंय, आणि पाटील हातानं जा म्हणताहेत. त्यांनी मान खाली घातली, ट्रॅक्टर वळवला आणि घराकडे निघाले. मी "दाजी, दाजी" करत मागे धावलो. बावन्न वर्षांचा कारकून धावून धावून किती धावणार? माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता.

घरापाशी पोचलो तेव्हा इंजिन बंद झालं होतं. ताई आरतीचं ताट घेऊन उभी. दाजी सीटवरूनच तिला सांगत होते, "हाकलून देलं सगळ्यायनं." मी धापा टाकत खरं काय ते सांगितलं. तेवढ्यात वेशीकडे ढोल वाजले. पाटलांनी स्वतःचा मोठा ट्रॅक्टर तोरणाखालून नेला होता. पोळा फुटला.

"सगळ्यायसमोर म्हनला?" दाजींनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"पह्यला म्हनला, का दुसरा?"

"पहिला."

दाजींनी वळून वेशीकडे पाहिलं. मला फार वाईट वाटलं. मी कबूल करून टाकलं की आवाज जास्त आहे हे मला दुकानातच कळलं होतं, मजा पाहायची म्हणून गप्प बसलो.

"मले बी समजलं होतं," दाजी म्हणाले. "लोकायले आयकू जावा म्हनूनच त लावला होता."

ताईनं डोळे पुसले, चाकांवर पाणी घातलं आणि बोनेटवर पुरणपोळी ठेवली. दाजी खाली उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "पंकज, गजानन काय म्हनला ते अजून एक डाव सांग. मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं.