आखाजीला मोजलेलं पाणी

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडच्या एका गावाला नाल्यात बांध हवा होता. डोंगरातून उतरणारं पाणी तिथल्या गोट्या-वाळूत मुरतं, अडवलं तर आणखी मुरेल, असं गावाचं म्हणणं. आणि भूजलाचा अंदाज काढणारी मी गेल्या उन्हाळ्यात लिहून मोकळी झाले होते, की डोंगराचं पाणी इथवर पोचतच नाही. त्या कागदावर बांध नामंजूर होणार होता.

चूक माझीच. तिथे विहिरीविहिरीवर ऑटो बसवलेले. लाइट आली की माणूस नसला तरी मोटार सुरू. मी मोजल्या त्या उपसा चालू असलेल्या विहिरी. पाणी स्वस्थ बसल्याशिवाय त्याचा उतार कळत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतःच माती खाल्ली. फार लाज वाटली. ठरवलं, अख्खं शिवार एक दिवस बंद ठेवून पुन्हा मोजायचं.

पण भर उन्हाळ्यात केळीचं पाणी कोण तोडणार? एकच दिवस होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदार गड्यांचं वर्ष त्या दिवशी संपतं, शेतात चिटपाखरू नसतं. गावात ज्यांचा शब्द चालतो त्या नानांना गाठलं. त्यांच्या स्वतःच्या केळीला घड लागलेले.

"ताई, आखाजीले लेकी माहेरले जातस. तू आठे कसाले उनी?"

"चूक निस्तरायला," मी म्हटलं. एरंडोलला आई वाट पाहत होती. फोनवर तिने मला चांगलंच झापलं होतं.

नाना दारोदार हिंडले आणि आदल्या दिवशीच सगळे ऑटो बंद झाले. आखाजीच्या दुपारी घरोघर पितरांच्या नावाने निखाऱ्यावर आगारी टाकून पुरणाचे मांडे खाणं चाललं होतं, तेव्हा मी टेप घेऊन विहिरीमागून विहीर मोजत होते. डोंगराशी पाणी सर्वांत वर, मग तापीकडे उतरत गेलेलं. डोंगर देत होता! मला रडूच आलं.

संध्याकाळी नानांच्या बाजेवर बसून आकडा काढला, तीनतीनदा. डोंगर देत होता, पण गाव उपसत होतं त्याहून बरंच कमी. नुसत्या बांधाने ते भरून निघणार नव्हतं.

"नाना, बांध व्हावा असं मी लिहीन," मी कसंबसं म्हटलं. "पण केळी कमी करा, हेही लिहावं लागेल."

नाना बाजेवरून उठले आणि बागेकडे एकदा पाहून म्हणाले,

"आते आरधं लिखशी तं परत चुकशी. बठ्ठं लिख."

मी सगळं लिहिलं. बांध मंजूर झाला. आणि गावात सर्वांत आधी अर्धी बाग मोडली ती नानांनी.